वर कोणी आहे का

आमच्या अवधूतइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी त्याची बायको आहे, तेव्हा हे म्हणायचा मला हक्क आहे. बाहेर पडताना तो कुलूप लावायचा, गाडीपर्यंत जायचा आणि कुलूप ओढून बघायला परत यायचा. हॉटेलात भलताच पदार्थ समोर आला तर मुकाट्याने संपवायचा, कारण परत पाठवायचं म्हणजे कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. साहेबाला नाही म्हणणं तर त्याच्या सात जन्मांत शक्य नव्हतं.

नागपूरला इंजिनिअरिंग करून तो जर्सी सिटीत आला. बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. २००१च्या मंदीत कंपनीने माणसं काढली, त्यात याचाही नंबर लागला. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की देशच हातातून सुटतो. मिळेल तिथे अर्ज केले, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरांमधून एका रेडिओ वेधशाळेचं बोलावणं आलं. त्याचा मित्र सुशांत अमेरिकेतल्याच ईडन प्रेरी गावाहून फोनवर म्हणाला, "यार, तिथे मोबाइलसुद्धा चालत नाही. वहिनी काय करणार?"

खरंच चालत नव्हता. आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की जवळपास मोबाइल किंवा वॉकीटॉकी चालू असली तर दुर्बिणीला दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणून त्या दरीत सगळं बंद. फोन फक्त तारेचे. मायक्रोवेव्हलाही बंदी, त्यामुळे वरणभात मी गॅसवर गरम करायचे, आणि सासूबाईंना फोनवर ते ऐकून फार बरं वाटायचं.

अवधूतचं काम दुर्बीण फिरवणारा प्रोग्रॅम सांभाळायचं. दुर्बीण म्हणजे लोखंडी सांगाड्यावर बसवलेली प्रचंड ताटली. नागपूरची आमची अख्खी सोसायटी तिच्यात मावली असती. कंट्रोल रूमच्या दाराशी एक फळा होता आणि त्यावर एकेका खिळ्याला प्रत्येकाच्या नावाची किल्ली. दुर्बिणीवर चढणाऱ्याने आपली किल्ली काढून खिशात घालायची, उतरल्यावर जागेवर लावायची. एकही खिळा रिकामा असला तर दुर्बीण हलत नाही. पूर्वी ही राखण स्विच आणि तारा करायच्या. त्या जुन्या झाल्या म्हणून काढल्या, आणि फळा वाचायचं काम अवधूतच्या प्रोग्रॅमकडे आलं. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

"रत्ना, कोणी वर असताना ती हलली तर?" जेवताना मध्येच विचारायचा.

"तू टेस्ट केलंयस ना?"

"केलंय. पण टेस्ट करताना वर माणूस नसतो."

मी म्हणायचे, आधी पोळी खा. मला त्याच्या या भीतीचा कंटाळा आला होता, हे खरं सांगते.

२००४च्या मार्चमधली गोष्ट. मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून मी वेधशाळेच्या प्रदर्शनात शाळेच्या मुलांना माहिती सांगायला जायचे. त्या दुपारी वारा सुटला आणि मुलांची बस लवकर परत पाठवली. अवधूतबरोबर घरी जावं म्हणून मी कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. तिथे त्याचा साहेब वॉल्टर खिडकीशी उभा होता आणि अवधूत स्क्रीनपाशी. दोघांचे चेहरे उतरलेले.

दुर्बीण रंगकामासाठी एका बाजूला कलती ठेवली होती. अशी कलती ताटली वाऱ्याला उघड्या छत्रीसारखी सापडते, म्हणून वारा वाढायच्या आत तिचं तोंड आकाशाकडे करावं लागतं. आणि फळ्यावर एक खिळा रिकामा होता. अर्ल नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचा.

अर्लची गाडी बाहेर नव्हती. घरी फोन लावला, तो कोणी उचलेना, म्हणून मशीनवर निरोप ठेवला. वॉल्टरने लाउडस्पीकरवरून हाका मारल्या, त्या वाऱ्यात विरून गेल्या. कॅमेऱ्यात ताटली रिकामी दिसत होती, पण तिच्या पाठीमागे यंत्रांची एक खोली होती आणि तिथे कॅमेरा नव्हता.

"तो किल्ली खिशात घालून गेलाय. तू प्रोग्रॅममधून फळा बायपास कर," वॉल्टर म्हणाला.

वॉल्टर वाईट माणूस नव्हता. सगळी उमर त्या दुर्बिणीपाशी काढलेली, ती डोळ्यांदेखत मोडेल या भीतीने त्याचा आवाज चिरकत होता. अवधूतच्या दृष्टीने फळा बायपास करणं म्हणजे दोन ओळींचं काम, आणि ते फक्त त्यालाच येत होतं. आमच्या ग्रीन कार्डाच्या कागदावर याच वॉल्टरची सही व्हायची होती. मला वाटलं, आता हा हो म्हणणार. मनातल्या मनात मीसुद्धा म्हटलं, म्हण बाबा हो.

अवधूत उठला, फळ्यावरची स्वतःची किल्ली काढून खिशात घातली आणि दार उघडून बाहेर गेला. नाही म्हणायची हीच एक रीत त्याला जमली.

लिफ्ट वाऱ्यात बंद ठेवायची असते. खिडकीतून मला तो जिन्यावर दिसला, दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी चढणारा. नागपूरला आमच्या गच्चीच्या कठड्याशी तो कधी उभा राहिला नव्हता. थोड्या वेळाने तो ताटलीच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला.

तेवढ्यात फोन वाजला. अर्लची बायको बोलत होती. अर्ल गावात दातांच्या डॉक्टरकडे होता. किल्ली त्याच्या खिशात होती.

वॉल्टरने हळूच फोन ठेवला. वर आता एकच माणूस होता, आणि त्याला उतर म्हणून सांगायचं कसलंही साधन आमच्यापाशी नव्हतं. वॉल्टर पुन्हा लाउडस्पीकरकडे धावला. मी स्क्रीनसमोर बसून राहिले. त्यावरचा वाऱ्याचा आकडा चढत होता, आणि त्याच्या शेजारी लाल अक्षरांत मर्यादा लिहिलेली होती. मला ती माहीत होती. वाऱ्याने ती ओलांडली की प्रोग्रॅम कुणालाही न विचारता दुर्बीण वळवायला घेतो. आधी भोंगा देतो, मग फळा बघतो. खिळा रिकामा असला तर थांबतो. थांबायला हवं. ते थांबणं अवधूतने लिहिलं होतं, आणि त्याचा स्वतःचाच त्यावर भरवसा नव्हता.

आकडा लाल झाला आणि भोंगा सुरू झाला.

मला देव आठवला नाही, कोणी आठवलं नाही. ताटली वळताना तिच्या मागचा जिना पायांखालून कसा सरकतो हे मी रोज शाळेच्या मुलांना मॉडेलवर दाखवत होते, तेवढंच डोळ्यांसमोर आलं. "बंद करा ते," मी मराठीत ओरडले. वॉल्टर मान हलवत होता. त्यालाही ते बंद करता येत नव्हतं. भोंगा थांबला. माझी खिडकीकडे बघायची हिंमत होईना.

मग वॉल्टर म्हणाला, "हलली नाही."

स्क्रीनवर एक ओळ आली होती: किल्ल्या जागेवर नाहीत, हालचाल रोखली आहे. माझ्या नवऱ्याने लिहिलेलं वाक्य. मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसले.

तो खाली येईपर्यंत वाऱ्याने ताटलीच्या कडेचे पत्रे उचकटले आणि एक आधाराचा खांब वाकवला. आत येऊन त्याने किल्ली लावली. अर्ल कुठे आहे ते वॉल्टरने त्याला सांगितलं, आणि मग अर्लच्या एका खिळ्यापुरता बायपास करून अवधूतने दुर्बीण वळवली. वॉल्टर रागावला नाही. नुसतं म्हणाला, "मग हे सगळं फुकट गेलं." दुरुस्तीत उन्हाळा गेला. अवधूतचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही, आणि आम्ही दुसऱ्या नोकरीसाठी नोव्हाय नावाच्या गावी आलो.

पण त्या संध्याकाळी गाडी मी चालवत होते. तो शेजारी बसला होता. मी म्हटलं, "भोंगा वाजला तेव्हा फार घाबरलास ना?"

"घाबरलो. पण त्याआधी जास्त."

"कधी?"

"खोलीचं दार उघडलं तेव्हा. आत कोणी नव्हतं. रत्ना, मला वाईट वाटलं. वाटलं, अर्ल इथे हवा होता. दुखापत होऊन पडलेला असता तरी चाललं असतं. म्हणजे मी बरोबर ठरलो असतो, नोकरी राहिली असती. त्याला वाचवायला चढलो होतो ना मी?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. अर्ल दातांच्या डॉक्टरकडे आहे हे फोनवर कळलं तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.