चष्मा राहू द्या

"चष्मा मी काढणार नाही," विजया म्हणाली.

स्टुडिओतले दोन्ही मोठे दिवे पेटले होते. मे महिना, सोलापूरचं ऊन आणि वर पत्रा. आमचे मालक नाना कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात डोकं घालून उभे होते. ते त्यांनी घामाघूम होऊन बाहेर काढलं. विजयाचे काका पंख्याखाली बसले होते, तेही उठले.

"आगं, फोटोपुरता काढ की. कोण पळवून न्यायलंय तुजा चष्मा?"

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. नानांच्या स्टुडिओत मी रिटचिंग करायची. म्हणजे टोकदार पेन्सिल घेऊन फोटोच्या निगेटिव्हवर बारीक काम करायचं. निगेटिव्हवर पेन्सिल जिथं फिरेल तिथं कागदावर चेहरा उजळ येतो. मुरमं जातात, तीळ जातो, सुरकुत्या जातात. सावळी मुलगी दोन हात फिरवले की गव्हाळ व्हायची आणि आई-बाप खूश व्हायचे. नाना कधीकधी पासपोर्टचे फोटो मला काढू देत, त्यामुळं कॅमेराही हाताखालून गेला होता.

लग्नासाठी दाखवायच्या फोटोला आम्ही स्थळाचा फोटो म्हणायचो. त्याचा आमच्याकडं ठरलेला साचा होता. मान जराशी वळलेली, वेणी पुढं घेतलेली, हात फुलदाणीशेजारी. गळ्यात खोट्या मोत्यांची माळ, तीही स्टुडिओचीच. आणि चष्मा असला तर तो काढून टेबलाच्या खणात. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नाळू मुली त्या एकाच माळेत दिसल्या असतील.

विजया मूळची अकलूजची. सोलापुरात हायस्कूलवर विज्ञान शिकवायची आणि काकांकडं राहायची. चष्मा चांगलाच जाड होता. यंदा लग्न जमलं नाही तर नोकरी सोडून घरी यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. करमाळ्याचं एक स्थळ आलं होतं आणि काकांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"काका, मागच्या वेळीही काढला होता ना? त्याच्या आधीही काढला होता. पाहुणे येतात, पोहे खातात. मी चष्मा लावून बाहेर आले की एकमेकांकडं बघतात. नकोच म्हणायचं असेल तर फोटो बघून म्हणू देत. पोहे तरी वाचतील."

मला हसू फुटलं. नानांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

"बाई, काचेवर दिवा चमकतो," नाना तिला म्हणाले. "डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग येतील. मग माझ्या नावानं ओरडू नका."

हे अर्धं खरं होतं. काच चमकते, पण त्याला उपाय आहे. दिवा वर घ्यायचा, माणसाला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची आणि चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलायच्या. चमक जाते. नानांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. शहरातल्या झाडून सगळ्या चष्मेवाल्या वकिलांचे आणि डॉक्टरांचे फोटो त्यांनीच काढले होते. त्यातल्या एकालाही ते 'चष्मा काढा' म्हणाले नव्हते.

मी बोलून दाखवलं. "नाना, परवा त्या वकीलसाहेबांचा काढलाच की."

"शारदाबाई, ते वकील हायत. त्यांना कुटं सासरी जायचंय? फोटोमागं आपला शिक्का असतो. लोक म्हणतील, ह्यांना पोरीचा फोटो काढायची अक्कल न्हाय."

शेवटी विजयानंच चष्मा काढला. काकांचा रडवेला चेहरा तिच्यानं बघवला नाही. चष्म्याशिवाय तिला कॅमेरा कुठं आहे हेही नीट दिसत नव्हतं. ती अंदाजानं हसली. नानांनी फोटो काढला आणि "झकास" म्हणून काकांना घेऊन बाहेर चहाला गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बसा तशाच. चष्मा लावा. हा तुमच्यासाठी."

दिवा वर ओढला, काड्या उचलल्या, माळ काढून ठेवली. "आता वर्गात सगळ्यात मस्तीखोर पोरगा काय करतो ते आठवा," असं म्हटलं आणि तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. तेवढ्यात बटण दाबलं. त्या निगेटिव्हला मी पेन्सिल लावली नाही. हनुवटीवरचा तीळसुद्धा ठेवला. कॉपी करून माझ्या खणात ठेवून दिली.

नानांच्या फोटोवर मात्र काकांच्या सांगण्यावरून सगळे सोपस्कार केले. रंग उजळला, तीळ गेला. त्याच आठवड्यात नातेपुत्याच्या एका मुलीचा फोटो निघाला होता. तीच माळ, तीच फुलदाणी, तीच वळलेली मान. तिच्यावरही माझी पेन्सिल फिरली. पाकिटं भरायचं काम नानांचं. काका येऊन आपलं पाकीट घेऊन परस्पर करमाळ्याला गेले.

पुढच्या आठवड्यात काका विजयाला घेऊनच आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"नाना, फोटो पसंत पडला! लोक लई खूश हायत. पोराच्या आजीला आणखी एक कॉपी पायजे." त्यांनी खिशातून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

विजयानं तो तेव्हा पहिल्यांदाच पाहिला; तिला दाखवायचं काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उचलला, चष्म्याजवळ नेला, लांब धरला.

"काका, ही कोण?"

"कोण म्हंजे? तूच की!"

"ही मी नाही."

"आगं, चष्मा न्हाय म्हणून तसं वाटायलंय तुला."

नानांनी फोटो घेतला. "तुमीच हाय बाई. मी सोता काढलाय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मी नानांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, ती नातेपुत्याची मुलगी होती. फळीवर नातेपुत्याचं पाकीट अजून तसंच पडलं होतं, कुणी न्यायला आलं नव्हतं. मी ते उघडलं. आत विजया, अंदाजानं हसणारी. दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी ठेवले. नाना एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. मग खाली बसले.

काका काउंटरवर वाकले. "मी येताजाता खिशातनं काढून बगत हुतो की ह्यो फोटो. सगळ्या गल्लीला दाखवला. म्हटलं, काय झकास आलीय आमची विजू."

"कुणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"न्हाय की. समदी म्हणली, विजूच."

विजया आधी हसायला लागली, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी रांगायला लागल्यापासून तुम्ही मला बघताय."

काकांनी नातेपुत्याच्या मुलीचा फोटो बाजूला सारला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शारदाबाई, चष्म्याचा एक काढून ठेवायचा हुता. मीच नको म्हणलो."

मी खण ओढला. फोटो त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या दिवशीही कधी झाला नाही. काकांनी फोटो पाहिला आणि लगेच म्हणाले, "हां. ही आमची विजू." एवढंच. पण त्यानंतर त्यांनी दुसरा फोटो कुणालाही दाखवला नाही.

करमाळ्याला जाऊन खरं सांगणं भाग होतं. काका गेले. करमाळ्याच्या मंडळींनी चष्म्याचा फोटो बघून नकार दिला आणि नातेपुत्याच्या मुलीचा पत्ता मागितला. काकांनी तो आमच्याकडूनच नेऊन दिला. ते लग्न रीतसर जमलं आणि पाकिटं बदलणाऱ्या नानांना मानाचं आमंत्रण आलं. नाना फेटा बांधून गेलेसुद्धा.

विजयाचा तोच फोटो पुढं आणखी दोन ठिकाणी गेला. दोन्हींकडून नकार आला. ती मला येऊन सांगायची, "शारदाताई, पोहे वाचले." तिसऱ्या ठिकाणाहून मुलगा बघायला आला. सोलापूरचाच, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर. विजया चष्मा लावून बाहेर आली. त्यानं फोटो पाहिला, तिला पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "फोटोसारख्याच आहात की." त्या दिवशीचे पोहे सत्कारणी लागले. नोकरीही राहिली आणि सोलापूरही सुटलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जोडी फोटोला आली. नवऱ्यालाही चष्मा होता, हे मी तेव्हा पाहिलं. त्यानं सवयीनं तो काढून खिशात ठेवायला घेतला.

"चष्मा राहू द्या," नाना म्हणाले.

मग त्यांनी स्वतः जाऊन दिवा वर ओढला आणि दोघांच्याही चष्म्याच्या काड्या नीट करून दिल्या. तो फोटो आमच्या दर्शनी काचेत बरीच वर्षं होता. तो बघून चष्मेवाल्या मुली यायच्या आणि "तसा काढा" म्हणायच्या. मोत्यांची माळ हळूहळू खणातच राहायला लागली.

शिकाऊ फोटोग्राफरांना मी आजही एवढंच सांगते. काच चमकली तर दिवा हलवा. माणूस हलवू नका.