दिवाळसणाचा जावई आणि दारातली सासू

लोणावळ्यात माझी पानाची टपरी एका गार्डन हॉटेलच्या बरोब्बर समोर आहे. धंदा बेताचाच, पण जागा अशी मोक्याची की बसल्या बसल्या करमणूक होते. त्या हॉटेलात परमिट रूम आहे आणि तिच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर नंदाबाई बसतात. राहणार कुरवंडे, वय पन्नाशीच्या जरा पुढे. साडीवर हॉटेलचा निळा कोट. हातात काठी नाही, गळ्यात शिट्टी नाही. तरी त्यांच्यासमोर आलं की भलेभले आपोआप खिसे चाचपायला लागतात.

त्यांचं काम एवढंच, आत जाणाऱ्याचं वय बघायचं. आपल्याकडे दारूला पंचवीस पूर्ण लागतात, बियर-वाईनला एकवीस. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं की हा नियम शेजाऱ्यासाठी केलाय. त्यातही सगळ्यांत तऱ्हेवाईक म्हणजे नुकतीच लग्नं झालेली पोरं. कार्ड मागितलं की ती बायकोला पुढे करतात. मंगळसूत्र हाच जणू नवऱ्याच्या वयाचा दाखला.

"मावशी, लग्न झालंय माझं," असं कुणी म्हणालं की नंदाबाईंचं उत्तर ठरलेलं. "माजं लग्न पंधराव्या वर्षी झालं. मंग काय तवाच बाटली लावायला पायजे व्हती मी?"

एकदा पिंपरीकडचं एक जोडपं आलं होतं. नवरा बावीसचा, बायको सव्वीसची. नंदाबाईंनी दोघांची कार्डं बघितली आणि शांतपणे निकाल दिला. "वहिनींना मिळंल. तुमाला बियर." तो पोरगा असा काही लाल झाला की मला त्याला फुकट पान द्यावंसं वाटलं. दिलं नाही, पण वाटलं.

पत्त्यांचंही तेच. दिवाळीत बंगल्यांवर उतरलेली टोळकी हॉटेलच्या बागेत टेबल मांडून तीन पत्ती खेळायला बघतात. कुणी तरी विचारतंच, "मावशी, आम्ही सगळे पंचवीसच्या वरचे आहोत, चालेल ना?" त्यावर त्या म्हणतात, "नुसते पत्ते खेळा की. पैसं लावलं की शेठना सांगंन. दारूला वय तरी हाय, जुगाराला वयच न्हाई. आजोबा झाला तरी चालत न्हाई."

पूर्वी त्या मागच्या बाजूला भाकऱ्या थापायच्या. दारातल्या आधीच्या माणसाने कॉलेजची पोरं आत सोडली, तपासणीवाल्यांनी शेठला चांगलं फैलावर घेतलं, आणि शेठने हॉटेलभर नजर फिरवून नंदाबाईंना दारात आणून बसवलं. कुणी कितीही गोड बोललं तरी या बाईवर काडीचा परिणाम होत नाही, हे त्याला भाकऱ्यांच्या हिशेबातच कळलं होतं.

मी एकदा गमतीने विचारलं, "नंदाबाई, पंधराव्या वर्षी तुमचं लग्न झालं, तेव्हा कायदा नव्हता का?"

"व्हता की. अठराचा व्हता," त्या म्हणाल्या. "बापानं भटजीला सांगितलं अठरा. भटजीनं माज्याकडं बगितलं बी न्हाई. आमचं हे एकुणीसचे. दोगांनी मिळून संसार म्हंजी भातुकलीच केली दोन-तीन वर्सं." मग जरा थांबून म्हणाल्या, "नवरा गुणाचा निगाला म्हून बरं, भाऊ. नसता निगाला तर कुणाला इचारणार व्हते?"

त्यांचे यजमान श्रीपती एका बंगल्यावर माळीकाम करतात. माणूस खरंच गुणाचा आहे. बोलतो कमी आणि गुलाब फार चांगले लावतो. या दोघांनी मुलीचं, राजेश्वरीचं, लग्न मात्र घाई न करता केलं. मुलगी एकवीस पूर्ण, मुलगा तेवीसचा. तो ओंकार, तिकोणा पेठेचा. पवना धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लावायचा त्यांचा घरचा धंदा आहे. वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो चुलतभावाचा, निलेशचा. निलेश वाईट नाही, पण मानापानाच्या बाबतीत फार हळवा. लग्नात आहेराचा टॉवेल आखूड निघाला म्हणून जेवणावरून उठला होता. तेव्हापासून नंदाबाई त्याच्या नावानेच जरा बिचकून असत. "पोरगी त्याच्या घरात नांदतीय," असं म्हणायच्या.

लग्न उन्हाळ्यात झालं, त्यामुळे ही दिवाळी ओंकारचा दिवाळसण. नंदाबाई महिनाभर त्याच एका गोष्टीवर होत्या. जावयाला काय करायचं, कपडे कुठून घ्यायचे, निलेशला काय द्यायचं म्हणजे तो खूश राहील. मला ते सगळं इतक्यांदा ऐकावं लागलं की ओंकारच्या पायाचं माप मला आजही पाठ आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी हॉटेलसमोर एक जीप थांबली. निलेश उतरला, त्याच्या मागे भावकीतले दोघं, आणि शेवटी ओंकार, नव्या शर्टात. दिवाळसणाला कुरवंड्याला निघाले होते; राजेश्वरी आधीच माहेरी आली होती. त्यांच्या भावकीत एक पद्धत आहे. लग्न झालेल्या पोराला दारूचा पहिला पेला घरातल्या मोठ्याने आपल्या हाताने द्यायचा. तो घेतला की पोरगा गडी झाला, मग त्याला दिवाळीच्या पत्त्यांच्या डावात पैसे घेऊन बसता येतं. न घेतला तर चाळिशीतही तो पोरगाच. निलेशने ठरवलं होतं की सासुरवाडीला जायच्या आधी हा कार्यक्रम उरकायचा.

"मामी, दिवाळीच्या शुभेच्छा," निलेश हसत म्हणाला आणि सरळ आत निघाला.

"दादा, तुमी जावा. तुमी बी दोगं जावा," नंदाबाई म्हणाल्या. मग खुर्चीवरून उठल्या. "जावईबापू, कार्ड दावा."

ओंकारने मुकाट्याने कार्ड काढून दिलं. त्यांनी ते वाचलं. वाचायची गरज नव्हती, पत्रिका जुळवताना त्यांनीच त्याचं जन्मसाल तोंडपाठ केलं होतं. तरी वाचलं.

"बियर बसती ह्यांना. बाकीचं न्हाई."

"मामी, बियर पोरं पेतात," निलेश म्हणाला. "ह्यो लग्नाचा गडी हाये. सरकारच म्हणतंय, एकविसाव्या वर्सी संसार कर. आन पेल्याला पंचवीस? काय हिशेब हाये ह्यो?"

"संसाराला एकवीस चालतंय, दादा. तितं बायको असती ना सांभाळाया."

भावकीतला एक जण हसला. निलेशला ते अजिबात आवडलं नाही. त्याचा आवाज चढला. "आवो, घरचा जावई हाये तुमचा."

"म्हून तर. परक्याला अडवून घरच्याला सोडला, तर उद्या ह्या खुर्चीत मी कुटल्या तोंडानं बसू?"

"दिवाळसणाला बोलवायचं आन दारातनं माघारी लावायचं. ध्यानात ठिवीन मी," एवढं बोलून निलेश जीपकडे वळला. बाकीचे त्याच्या मागे गेले. ओंकारने खाली मान घालून कार्ड खिशात ठेवलं आणि जीप बाजाराच्या दिशेने निघून गेली.

नंदाबाई रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. पाणी मागितलं. ग्लास घेतला, तो न पिताच फळीवर ठेवला. मला निलेशचा असा राग आला की त्याला काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं असं वाटलं, पण जीप केव्हाच गेली होती.

"मी चुकले का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

"मी चुकले न्हाई, पन भोगणार राजेश्वरी. आज तो मला बोलला, उद्या तिला बोलंल. तुज्या आईनं आमाला दारात हुबं केलं म्हंनल." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "खुर्ची सोडून देऊ का मी?"

मी त्यांच्यासाठी पान लावलं, त्यांनी ते न खाताच कोटाच्या खिशात ठेवलं आणि पुन्हा जाऊन खुर्चीत बसल्या. त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकांची कार्डं त्या रोजच्यासारखीच बघत होत्या, फक्त कुणाला टोमणा मारत नव्हत्या.

तासाभराने ओंकार एकटाच चालत आला. आधी माझ्याकडे थांबला. "मसाला पान बांधा, दोन. राजेश्वरीनं सांगितलंय." मग रस्त्यापलीकडे हाक मारली. "मामी, जरा हिकडं या."

नंदाबाई आल्या, त्या थेट हात जोडूनच. "जावईबापू, राग मानू नका. घरी चला, मी दादांची समजूत काढते."

"आवो मामी, हात कशाला जोडता," ओंकार घाबरून म्हणाला. "लोणावळ्यात बार काय थोडे हायेत का? दादाला हितं कोण घेऊन आलं? मीच आलो की घेऊन."

माझा चुन्याचा हात थांबला. नंदाबाईंनाही ते लगेच उमगलं नाही.

"दर शनवारी मी धरणावर गिऱ्हाइकांना उचलून तंबूत टाकतो," तो म्हणाला. "त्यांची घाण धुतो. त्यो वास दोन दिस अंगाचा जात न्हाई. मला न्हाई प्यायची. पन दादाच्या हातातला पेला मी नको म्हनलो, तर भावकी म्हंनल ह्यो बायल्या निगाला. तुमी नको म्हनलात, तर त्यो कायदा झाला. म्हून म्हनलं, चला, माज्या सासूच्या हॉटेलात बसू, तितं आपला मान राखतील."

"आन बियर दिली असती तर?"

"दादा बियरला हात लावू देत न्हाई, ते ठाव हाये मला."

नंदाबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला आदी सांगाया काय झालतं? जीव अर्दा झाला माजा हितं."

"सांगितलं असतं, तर तुमी तसल्या तोंडानं अडवलं असतं का?"

नंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आन दादा?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादा जीपमधी सगळा वेळ सरकारला शिव्या देत व्हता. दुसरीकडं त्यांनी तिघांनी घेतली; मी म्हनलं, मला कायदा हाये, जीप मी चालवतो. आता बाजारात जीपमधीच त्याला झोप लागलीय. आन राजेश्वरीला कोन काय बोलणार न्हाई, मामी. मी हाये की."

नंदाबाई माझ्या टपरीच्या फळीला टेकल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. खिशातलं मघाचं पान आठवलं, ते त्यांनी तोंडात टाकलं.

"माज्या लग्नात असं कुणी दारात बसलेलं असतं तर," त्या म्हणाल्या. ओंकारने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पोरगं समजूतदार आहे.

मी पानं बांधून दिली. तो जायला निघाला, तेव्हा नंदाबाईंनी विचारलं, "जावईबापू, अजून दोन वर्सं तुमी सुटलात. पंचवीस झाल्यावर काय करनार?"

"तवा बी हितंच आणीन दादाला," ओंकार म्हणाला. "तुमी सांगायचं, आता सरकारनं तिसाचा कायदा केलाय."

मी नंदाबाईंकडे पाहिलं. सख्ख्या जावयाचं जन्मसाल पाठ असूनही कार्ड वाचून बघणारी ही बाई. वयाच्या बाबतीत यांच्यापुढे शेठची डाळ शिजत नाही, तिथे जावयाची काय शिजणार, असं मला वाटलं.

"सांगंन," नंदाबाई म्हणाल्या.