सुपरचार्जरची शिट्टी

मंडळी, तीस वर्षं मी आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतोय. आज विश्रांतवाडीतल्या माझ्या गॅरेजमध्ये एक स्पोर्ट्स कार आली. मालक म्हणाले, "सुपरचार्जर शिट्टी मारतोय." म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा, पट्ट्यावर फिरणारा पंप.

मला काहीच ऐकू येईना.

डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, केवढ्यानं वाजतंय!"

मग इंजिन चालू ठेवून मी लांब स्क्रूड्रायव्हर त्या पट्ट्याच्या एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवला आणि त्याची मूठ तिच्या कानाला लावली.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"हो, इथेच!"

त्या पुलीचं बेअरिंग गेलं होतं. बदललं.

गाडी निघाली तेव्हा बायको म्हणाली, "आता छान गुणगुणतेय." मला तेही ऐकू आलं नाही.

ते गुणगुणणं मला पुन्हा ऐकायचंय हो. कानाचं मशीन वापरणाऱ्यांनो, सांगा, त्यातून इतका बारीक आवाज येतो का?