डायनिंगची भिंत

घराचं काम काढलं का रेती-गिट्टीसंगं किस्सेही अंगणात येऊन पडतात. रेती उरली तर शेजारचे घेऊन जातात. किस्से कोणी उचलत नाई, ते सांगूनच संपवावे लागतात.

आमच्या अमरावतीच्या घराचं असंच झालं. नात ऋतुजाले अकोल्याचं स्थळ आलं, पसंती झाली. साक्षगंधाच्या आधी पोराकडचे एकदा जेवायले येणार होते. माझी सून वैशाली म्हणे, आपली जेवायची खोली पाहून ते लोक काय म्हणतील? मी म्हटलं, जेवण पाहून म्हणतील. पण तोवर तिनं डिझायनर बोलावला होता.

तिचा खरा राग भिंतीवरच्या एका डागावर होता. आमचे हे, म्हणजे ऋतुजाचे आजोबा, दिवाणावर बसून जेवत अन् तिथंच भिंतीले डोकं टेकून डुलकी काढत. डोक्यावर खोबरेल तेल थापलेलं. माणूस गेला, डाग राहिला. वैशालीचं म्हणणं, अकोल्याच्या लोकायच्या नजरेस तो पडला नाई पाहिजे.

*

डिझायनर चांगला पोरगा होता, मले आजी म्हणे. त्यानं लॅपटॉपवर खोली दाखवली. छताच्या कडेनं पीओपीची वेलबुट्टी, भिंतीवर मोल्डिंगच्या पट्ट्यांच्या चौकटी, चौकटीत वॉलपेपर. म्हणे, हे युरोपियन क्लासिक आहे.

माझ्या पोरानं, विलासनं, सगळं नीट पाहिलं अन् एकच विचारलं, "यात कूलर कुठं बसते?"

डिझायनर म्हणे, कूलरच्या ओलीनं वॉलपेपर सुटते, कूलर काढावा लागंल.

"म्हनजे भिंती युरोपच्या अन् हवा अकोल्याची," विलास म्हणे. "बरं हाय, पाव्हन्यायले घरच्यासारखं वाटंल."

*

मग भिंतीच्या मधोमध, खुर्चीच्या पाठीएवढ्या उंचीवर, एक आडवी पट्टी आली. मी विचारलं, ही कशासाठी? तर डिझायनर म्हणे, खुर्च्या घासून भिंत खराब होते, ही पट्टी भिंतीले वाचवते. मले पटलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीनं साऱ्या खुर्च्या भिंतीपासून हातभर पुढं ओढल्या. म्हणे, पट्टी घासली तर?

*

खोली तयार झाली, अन् तिथं जेवायची बंदी झाली. भाजीचा वास वॉलपेपरात बसते म्हणे. आमी सारे स्वयंपाकघरात ओट्याजवळ ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. पोळीचा घास हातात धरून विलास कधी कधी दारातून डोकावून पाहून ये.

शेजारची कमल विरजण मागायले आली. तिनं ती पांढरी वेलबुट्टी पाहिली, ते मंद लाइट पाहिले. चप्पल बाहेर काढली, पदर घेतला, हात जोडले.

मग हळूच मले म्हणे, "मावशी, मूर्ती कधी बसवता?"

*

राहिला तो डाग.

मिस्त्रीनं त्याच्यावर पुट्टी मारली, प्रायमर मारला, रंग मारला. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या भिंतीसमोर जाऊन बसत होती. ऊन तापलं का डाग हळूहळू वर ये. शेवटी वॉलपेपर लावला. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी डाग वॉलपेपरवरही आला, जागच्या जागी.

वैशाली रडकुंडीले आली. "आई, तुमी तरी सांगा न बाबायले!"

मी म्हटलं, जित्तेपणी माझं ऐकलं नाई त्यायनं, आता काय ऐकतील?

डिझायनरले दुसरं काई सुचलं नाई. त्यानं डागाभोवती मोल्डिंगच्या चार पट्ट्या ठोकल्या, वर एक छोटा लाइट लावला अन् निघून गेला.

अकोल्याचे आले. घाम पुसत पुसत, पण पोटभर जेवले. पोराची आई शाळेत शिकवते, बारीक नजरेची बाई. हात धुऊन आली ते थेट त्या चौकटीपुढं जाऊन उभी राहिली. वैशाली बडीशेपेची वाटी घेऊन जागीच थबकली. विलास छताकडे पाहून राहिला होता.

"हे कोणी केलं?" बाईनं विचारलं.

मीच म्हटलं, "ऋतुजाच्या आजोबायनं."

"कुठं शिकले होते?"

"कुठं नाई. रोज जेवन झाल्यावर थोडं थोडं करत होते."

बाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नवऱ्याले बोलावून चौकटीजवळ आपला फोटो काढायले लावला. म्हणे, असं काम आमच्याकडे पाहायले नाई मिळत. मग माझ्याजवळ येऊन बसली अन् विचारलं, आमच्या घरी होईल का हो असं?

"होईन न," मी म्हटलं. "फक्त मानसानं रोज जेवायले घरी आलं पाहिजे."