भाऊजींच्या चार जाड तारा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकं वाजवून इतक्या कमी लोकांना ऐकू आलेला दुसरा वादक भंडारा जिल्ह्यात झाला नाही. त्या काळी गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे हा दावा काही लहान नाही. लग्नं, गणपती, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडे भाऊजींचा ऑर्केस्ट्रा जायचा. मी साकोलीला पाटबंधारे कचेरीत कारकून होतो आणि सुटीच्या दिवशी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. कार्यक्रम संपला की लोक गायकाभोवती जमायचे, बोंगोवाल्याची पाठ थोपटायचे, अगदी माझेही दोन विनोद मला परत ऐकवायचे. भाऊजींकडे बोट दाखवून मात्र हळूच विचारायचे, "ते बुवा काहून उभे असतात हो मांगं? नुसतेच?"

भाऊजी बास गिटार वाजवत. साध्या गिटारला सहा बारीक तारा असतात. बासला चार, आणि त्या दोरखंडासारख्या जाड. तिचा सूर गाण्याच्या तळातून चालतो, तो वेगळा काढून ऐकायची सवय आपल्या कानाला नसते. भाऊजींना त्याचं दुःख नव्हतं. एकदा अड्याळच्या एका लग्नात गायकानं चिडवलं, "तुम्ही नसले तरी चालते." पुढच्या गाण्यात ऐन कडव्यात भाऊजींनी हात काढून घेतला आणि शांतपणे घाम पुसत राहिले. गायकानं पायरी चुकल्यासारखं मागे वळून पाहिलं, तबलजीनं माझ्याकडे पाहिलं, आणि निम्म्या वऱ्हाड्यांनी माना वर करून मांडवातले दिवे पाहिले. त्यांना वाटलं, वीज गेली. भाऊजींनी पुन्हा सुरू केलं तेव्हा सगळे खाली पाहू लागले. "आता समजलं?" एवढंच ते बोलले.

ही गिटार त्यांनी नागपूरला घेतली तेव्हा मी सोबत होतो. दुकानदारानं चार कलकत्ता बनावटीच्या बास काढून ठेवल्या आणि विजेला जोडून देतो म्हणाला. भाऊजी म्हणाले, "जोडू नका. विजेनं कोणाचाही आवाज गोड होते." मग त्यांनी एकेक गिटार उचलून तिच्या लाकडाला चक्क दात लावले आणि तार छेडली. हाडातून येणारा सूर खोटं बोलत नाही असं त्यांचं म्हणणं. दुकानात खरेदीला आलेलं एक सभ्य कुटुंब हे दृश्य पाहून तसंच परत गेलं. तिसरी गिटार चावल्यावर भाऊजींचे डोळे मिटले आणि मिनिटभर उघडलेच नाहीत. दुकानदार घाबरून मला म्हणाला, "यांना काही होते का?" मी म्हटलं, "पसंत पडली."

तारांचं प्रकरण याहून अवघड. बासच्या तारा भाऊजींच्या गावी, लाखनीत, मिळणं शक्य नव्हतं, नागपुरातही सांगून ठेवाव्या लागत. वाजवून वाजवून तारा मेल्या, म्हणजे घामानं आणि मळानं त्यांचा आवाज बसला, की भाऊजी त्या काढून उकळत्या पाण्यात टाकायचे. त्यानं तारा पुन्हा जिवंत होतात हे खरं आहे, पण त्यासाठी ते ताईचं वरणाचं पातेलं घ्यायचे. एकदा ताईची नणंद माहेरी आली होती. तिनं झाकण उघडून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "वहिनी, एवढ्या जाड शेवया?" ताईनं त्या दिवशी पातेलं भाऊजींच्या नावावर करून दिलं आणि स्वतःला नवं आणलं.

आणि अँप्लिफायर! तो त्यांनी स्वतः जुळवला होता, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राला हाताशी धरून. स्पीकरची पेटी सागाची हवी, आणि जाड फळीची, म्हणजे ती स्वतः थरथरणार नाही. ती इतकी जड झाली की एस्टीच्या टपावर चढवायला चार माणसं लागत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय आहे जी यात?" भाऊजी म्हणाले, "आवाज." कंडक्टर कमरेला हात लावून म्हणाला, "एवढा जड?" भाऊजींना हे आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक वाटलं. गावोगावी पेटी मांडली की तिच्यावर पाण्यानं भरलेला गडवा ठेवायचा. "पाणी थरथरलं पाह्यजे, पण सांडलं नाही पाह्यजे." पाणी मनासारखं थरथरेपर्यंत ते पेटी इंच इंच सरकवत, भिंतीजवळ नेत, परत आणत. आयोजक हातात नारळ घेऊन ताटकळत उभे.

या सगळ्याबद्दल घरातला एकच माणूस कधी काही बोलला नाही: भाऊजींचे वडील. ते हातमागावरचे नावाजलेले विणकर; ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, बेतानं ओढण्यात त्यांचा हातखंडा. मुलानं मागावर बसावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा धानाच्या गिरणीत हिशेबनीस झाला आणि वर हे गिटारचं. भांडण असं झालं नाही. मात्र बाबांनी त्या वस्तूचं नाव घेणं बंद केलं. दारात गिटार दिसली की विचारायचे, "ते घेऊन चालला का?" दहा-अकरा वर्षं ते "ते"च राहिलं. एकाही कार्यक्रमाला बाबा आले नाहीत. भाऊजी हसण्यावारी न्यायचे, पण वाजवायला निघताना मागच्या दारानं जायचे.

मग तो गणपतीचा आठवडा आला. भाऊजींनी मोठ्या खटपटीनं नव्या, आणखी जाड तारा मिळवल्या होत्या आणि हौसेनं करकचून चढवल्या होत्या. वरून पावसाची झड लागलेली, चार दिवस भिंतींना ओल. पाचव्या दिवशी गिटार बाहेर काढली तर तिची मान धनुष्यासारखी पुढे वाकलेली. तारा लाकडापासून इतक्या वर उठल्या होत्या की खालून बोट जाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साकोलीला कार्यक्रम. पण भाऊजींना कार्यक्रमाचं भान नव्हतं. आजारी माणसाला निजवतात तशी गिटार बाजेवर ठेवून ते शेजारी बसून राहिले. ताईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं.

उपाय त्यांना माहीत होता, तीच अडचण होती. गिटारच्या मानेत आतून लोखंडी सळई असते. टोकाजवळच्या छोट्या झाकणाखाली तिचा नट असतो आणि तो सहा कोनी चावीनं फिरवला की मान सरळ होते. जास्त फिरवला तर सळई तुटते, आणि मग गिटार संपली. नागपूरच्या कारागिरानं हे सांगितल्यापासून भाऊजींनी त्या झाकणाला हातही लावला नव्हता.

शेवटी गणपतीसाठी ताईकडे आलेल्या मीच त्यांना उठवून हायवेवरच्या ट्रक गॅरेजात नेलं. तशी चावी तिथंच मिळणार होती. मिस्त्रीनं ग्रीसचे हात पुसले, नट पाहिला, पेटीतून सहा कोनी चावी काढली आणि म्हणाला, "ही एलंकी लगेगी. पण हे ट्रक नाही भाऊ, मी नाही फिरवत. तुम्हीच फिरवा." भाऊजींनी चावी घेतली. ती नटापर्यंत नेत आणि परत मागे घेत. दोन ट्रक ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन जवळ येऊन उभे राहिले. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि ती बातमी कुणीतरी घरी पोचवली असावी, कारण थोड्याच वेळात पावसात डोक्यावर पोतं घेऊन बाबा आले.

कुणाशी न बोलता त्यांनी गिटार उचलली. एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून तिच्या लांबीवर नजर टाकली. मग अंगठ्यानं एकेक तार दाबून पाहिली.

"एवढं ताणाले कोणं सांगतलं होतं तुले?" ते म्हणाले.

भाऊजींनी चावी बाजूला ठेवली.

"ताणा आधी ढिला कर. मंग लाकडाले हात लाव. भरल्या ताण्यावर कोणी ठोकाठोकी करते का?"

भाऊजींनी चारही तारा सैल केल्या. बाबांनी दोन्ही हातांनी मान धरली आणि म्हणाले, "आता फिरव. थोडसंच." भाऊजींनी पाव वेढा फिरवला. आतून "कट्" असा आवाज आला. गॅरेजातला प्रत्येक माणूस जागच्या जागी थिजला. एका ड्रायव्हरनं तर "वाहे गुरू" म्हटलं. बाबांनी पुन्हा डोळा मिटून पाहिलं. "तुटलं नाही. बसलं. आणखी थोडसं." आणखी पाव वेढा. मग त्यांनी गिटार खाली ठेवली. "आता राहू दे. उद्यापर्यंत लाकूड आपल्या मनानं येईल."

सकाळपर्यंत मान सरळ आली होती. भाऊजींनी जुन्या, उकळलेल्या तारा चढवल्या, दात लावून ऐकलं आणि ताईला हाक मारली, "वाढ वं, भूक लागली!" आम्ही सगळे इतके हलके झालो की उगाचच हसत सुटलो. ताईनं त्या दिवशी मला तीनदा भजी वाढली, आणि मी तीनदा खाल्ली.

दुपारच्या एस्टीत बाबाही चढले. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. साकोलीपर्यंत गिटार त्यांनी आपल्या मांडीवर आडवी धरली आणि जो कुणी टेकायला येईल त्याला "सरका जी" म्हणून बाजूला केलं. कार्यक्रमात ते सागाच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. दोन गाणी झाल्यावर मी सूत्रसंचालन विसरून त्यांच्याकडेच पाहत होतो. परतताना त्यांनी भाऊजींना विचारलं, "ते पायात येत होतं, तो तुया आवाज होता?"

"हो, बाबा."

"मंग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढे ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आणि बासचं काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करू लागला. भाऊजींनी वाद घातला नाही. आताशा ते वाजवत नाहीत असं ताईनं कळवलं, म्हणून मी एका रविवारी दुपारी लाखनीला गेलो आणि म्हटलं, "भाऊजी, एक गाणं वाजवा. नुसती बास. मी ती एकटी कधी ऐकलीच नाही."

ते संकोचले, मग पडवीत बसून वाजवू लागले. ते खालचे, सावकाश चालणारे सूर मला आवडले, पण गाणं कोणतं ते काही केल्या ओळखता येईना. तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला. ती तांदूळ निवडत होती आणि शब्द गुणगुणत होती, थोडी बेसूर, थोडी मागे राहून. ताईला गाताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भाऊजींचं कडवं केव्हाच संपलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि तिची ओळ पुरी होईस्तोवर तोच एक सूर हळूहळू वाजवत राहिले.