कोंडाजीचा मेंदू कामावर हाय

भुशी धरणाच्या वाटेवर कोंडाजीची कणसांची गाडी. म्हणजे गाडी त्याची, भाजायची बायको, शकुबाई. कोंडाजी शेजारी बाज टाकून आभाळाची देखरेख करी. आळस त्याला वडिलोपार्जित मिळालेला, आन् जमीन विकली तसा तो त्यानं विकला न्हाई.

त्यात पुतणी कोमल कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. एकदा बाजेशी बसून म्हणाली, "काका, माणूस रिकामा असला तरी मेंदू थांबत नाही. आतल्या आत जुन्याला नवं जोडत बसतो. नव्या कल्पना तिथनंच उगवतात."

एवढं ऐकून कोंडाजीनं कूस बदलली. पुढचं ऐकायला जागं कोण ऱ्हातंय?

औंदा वांदरांनी उच्छाद मांडला. गिऱ्हाईक भाव इचारतंय तवर कणीस झाडावर! बायाबापड्या किंचाळत पुढच्या गाडीवर जायच्या. असंच चाललं तर गाडी मोडावी लागणार, हे दोघांनाबी कळत होतं.

"अवो, उठा! कायतरी करा."

"करतोय की. मेंदू कामावर हाय."

"मंग हजेरी लागू द्या त्याची!"

तीन दिवस मेंदू घोरला. चौथ्या दिवशी शकुबाई राखेनं पातेलं घासत होती. हात फिरत होता, ध्यान कुटंच नव्हतं. एकाएकी ती उठली. लोकांनी दाणे खाऊन टाकलेली कणसं तिनं गोळा केली, परत हिरव्या पानांत गुंडाळली आन् गाडीच्या कडेला मांडली. खरा माल डब्यात झाकला.

वांदरांनी पळवलं, सोललं. दाणा न्हाई! दुसरं सोललं. तेबी तसंच. आठवड्यात त्यांचा गाडीवरनं इश्वासच उडाला. ती पुढच्या गाडीला लागली आन् गिऱ्हाईक परत शकुबाईकडं वळलं.

कोमलला हे कळल्यावर ती लय हसली. "काका, तुम्ही अर्ध्यातच झोपलात. आधी डोकं अडचणीवर लावायचं, मग हाताला हलकं काम द्यायचं. झाडलोट, भांडी. तेव्हा ते मोकळं सुटतं. कुणाचंही."

"ह्यांचंबी?" शकुबाईनं इचारलं.

"काकांचंही."

शकुबाईनं भांड्यांचा ढीग कोंडाजीपुढं सरकवला. "घासा. शास्त्र हाय."

दोन ताटं झाली. तिसऱ्याला कोंडाजीचा हात थांबला, डोळे लकाकले. जन्मातली पयली कल्पना ती.

"आगं, उद्यापासनं पत्रावळीवर जेवलो तर?"

"आन् कालवण कशात शिजवू? तुमच्या डोस्क्यात?"

कोंडाजीनं गुमान पुढचं पातेलं वढलं. इचार करायला अजून पाच भांडी होती.