बोदवडहून आलेल्या थायरॉईडच्या बाटल्या

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न मनात असतानाच हे लिहीत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. आता निवृत्त आहे. प्रश्नपत्रिका आणि प्रयोगवह्यांवरचे शेरे यांपलीकडे मी कधी काही लिहिले नाही. माझा आजारही मोठा नाही. तरीही माझ्याकडे जे घडले ते आणखी कोणाकडे घडू नये, एवढ्यासाठी हे धाडस करते.

पावसाळा सरला होता. डॉक्टरांनी माझा अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारले, "मॅडम, गोळी रोज घेता ना?"

"घेते."

"उपाशीपोटी? चहाच्या आधी?"

"हो."

"मग टीएसएच इतका कसा वाढला?"

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीने थायरॉईडला काम करण्यासाठी पाठवलेला निरोप. थायरॉईड कमी पडू लागला की हा निरोप वाढत जातो. त्या कमी पडण्यालाच हायपोथायरॉइडिझम म्हणतात. उणीव भरून काढण्यासाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज घ्यावी लागते. पंधराएक वर्षे मी ती घेत होते आणि माझा अहवाल कधी बिघडला नव्हता.

माझ्या यजमानांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता, काळजी होती. पण मला मात्र स्वतःचाच संशय आला. खरोखरच मी गोळी घ्यायची विसरत असेन का?

कारण गेले काही आठवडे मी पुष्कळ काही विसरत होते. चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, ऑक्टोबरच्या उकाड्यात मला शाल लागत होती. हे सारे सहन झाले असते. परंतु आयुष्यभर मुलांकडून झाडांची शास्त्रीय नावे पाठ करून घेणाऱ्या मला फाटकासमोरच्या झाडाचेच शास्त्रीय नाव आठवेना. माझ्या आईची अखेरची वर्षे आम्हाला न ओळखताच गेली होती. माझ्या मनात काय चालले होते ते वाचकांच्या लक्षात येईल. मी ते कोणाला बोलले नव्हते.

"बाटली आणली आहे?" डॉक्टरांनी विचारले. मी पर्समधून काढून दिली. त्यांनी झाकण उघडले, आत पाहिले, वास घेतला. "ही कुठून घेतली?"

आता थोडे मागचे सांगणे भाग आहे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या नेहमीच्या कंपनीची गोळी धुळ्यात मिळेनाशी झाली. औषधवाले म्हणाले, "ताई, वरूनच माल येत नाही. दुसऱ्या कंपनीची देऊ का? औषध तेच आहे." मी नको म्हटले. ज्या बाटलीने मला एकदा उभे केले ती सोडून दुसरी घेण्याचा धीर होईना, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना कशाला विचारायचे, असेही वाटले. घरात दोन बाटल्या शिल्लक होत्या, त्याच रोज वापरीत राहिले.

ही बातमी बोदवडला माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे अक्कांच्या कानावर गेली. अक्का आमच्या घरातल्या साठवणीच्या प्रमुख. तिन्ही भावांच्या घरची वर्षाची डाळ, मिरची, कुरडया सारे त्यांच्या गच्चीवर तयार होते. फोनवर त्या, ‘ळ’चा ‘य’ करणाऱ्या आपल्या बोलीत, म्हणाल्या, "धुयाले मियत नाही त् काय झालं? बोदवडले पाहते, जयगावले पाहते. मी हाये न!" त्यांनी भाच्यापुतण्यांना कामाला लावून वैशाखातच बाटल्या जमवल्या. पोळ्यानंतर डाळीचा डबा आला, तेव्हा त्या डाळीत खोचलेल्या चार बाटल्या निघाल्या. मला भरून आले.

पहिली बाटली उघडली तेव्हा सील आधीच फाटलेले होते आणि गोळ्यांवर कडुलिंबाचे एक वाळके पान होते. डाळीतले चुकून गेले असेल, असे समजून मी ते काढून टाकले. अक्कांनी आपल्यासाठी एवढे केले, आता सील कशाला विचारायचे?

हे सर्व ऐकून डॉक्टर म्हणाले, "त्यांना आत्ताच फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

"काय व शैला, डॉक्टर काय म्हने?"

"अक्का, त्या बाटल्या तुम्ही कुठे ठेवल्या होत्या?"

"कुठी म्हनजे? दायीच्या कोठीत. त्याच्या आंधी गच्चीवर चांगलं कडक ऊन दाखवलं व त्यायले, दायीसंगं. एकही गोयी किडली नसंन, पाय बरं!"

"झाकण उघडून?"

"मंग? झाकन लावून कधी ऊन लागते का? कॉलेजात शिकवे तू, आन् मले इचारते! लिंबाचा पालाबी टाकला वरून."

बोदवडच्या वैशाखातल्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. आमचे डॉक्टर एरवी बेताचे, शुद्ध बोलणारे. ते मूळचे साक्रीकडचे, घरी अहिराणी बोलणारे आहेत, हे मला त्या दिवशी कळले. ते फोनकडे वाकले आणि म्हणाले, "अक्का, दवाई शे ती, दाय नही! मनी माय बी बठ्ठं उन्हात टाकस, पण गोया नही टाकस."

"हे कोन बोलते?" अक्कांनी विचारले. मी सांगितले. मग पलीकडून बारीक आवाजात, "मंग तुले माह्यानं तरास झाला का व?"

मी काहीतरी समजुतीचे बोलले. काय, ते आता आठवत नाही.

डॉक्टरांनी समजावले, "ही गोळी नाजूक असते. उष्णता, उजेड, ओल, तिन्हींनी तिचा जोर उतरतो. एवढेच कारण आहे, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आधी नवी बाटली सुरू करू. तुमची कंपनी मिळत नसेल तर दुसरी चालेल, ताकद मात्र तीच हवी. एकदा बदलली की तीच चालू ठेवायची. दोनेक महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू." मग फाइल मिटताना ते म्हणाले, "विसरण्याची भीती वाटते ना? थायरॉईड कमी पडला की हे होते. बहुधा परत येईल सगळे." मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी अक्का बसने आल्या. माझा सुजलेला चेहरा पाहून दारातच थांबल्या. "माय व," एवढेच म्हणाल्या. उरलेल्या बाटल्या त्यांनी स्वतः माझ्याकडून मागून घेतल्या. चहा झाल्यावर पिशवीतून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी मला विचारले, "ह्या माह्या, शेगडीच्या वरच्या फयीवर राह्यतात. यायचंबी पानी गेलं असंन का?" मला हसू आले, त्यांनाही आले. मग आम्ही दोघी त्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

नवी गोळी सुरू झाली. सूज उतरली, शाल कपाटात गेली. आवाज सर्वांत शेवटी परतला. दुसऱ्या तपासणीत टीएसएच जागेवर आला होता. ज्या बदलाची मी एवढी धास्ती घेतली होती तो माझ्या शरीराने कुरकुर न करता स्वीकारला. माझ्या जुन्या कंपनीची बाटली आता दुकानात दिसते, असे ऐकते. मी नवी सोडलेली नाही.

मध्यंतरी एका सकाळी वरणासाठी डाळ काढताना मुठीत कडुलिंबाचे वाळके पान आले. ते बाजूला ठेवत असताना ओठांवर आपोआप शब्द आले, "अॅझाडिराक्टा इंडिका." फाटकासमोरही तेच झाड उभे आहे. मी खिडकीशी जाऊन त्याच्याकडे पाहत ते नाव पुन्हा उच्चारले, वर्गात उच्चारीत असे तसे, मोठ्याने. आतून यजमानांनी विचारले, "कोण आले आहे?"

अक्कांना फोन करून डाळ उत्तम निघाल्याचे कळवले. ती खरोखरच उत्तम आहे. एकही दाणा किडलेला नाही.

हे वाचणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे: तुमच्या गोळ्या या क्षणी घरात नेमक्या कुठे ठेवलेल्या आहेत?